समितीत वाघ, सभागृहात गाय: आमदार-खासदार नक्की कुणाचं ऐकतात?

शून्यप्रहर (धागाकर्ता), शनिवार रात्री ११.४०

मंडळी, गेले तीन-चार दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, इथे जाणकार बरेच आहेत म्हणून टाकतोय. कामाच्या निमित्ताने संसदेच्या एका स्थायी समितीचा अहवाल वाचावा लागला, एका खात्याच्या अनुदान मागण्यांवरचा, म्हणजे बजेटमध्ये खात्याने मागितलेल्या पैशांवरचा. मला वाटलं होतं नेहमीसारखं गुळमुळीत काहीतरी असेल. पण नाही हो! निधी मागता आणि खर्च करत नाही, उरलेला मार्चमध्ये घाईघाईने उडवता, मागच्या वर्षी हेच सांगितलं होतं त्याचं काय झालं, असं सरळ लिहिलंय. आणि समितीत बहुमत सत्ताधाऱ्यांचंच. मग त्याच खात्याच्या मागण्या सभागृहात कशा मंजूर झाल्या ते शोधलं, तर चर्चाच नाही, बाकीच्या खात्यांबरोबर गिलोटिनमध्ये, म्हणजे वेळ संपली म्हणून उरलेलं सगळं चर्चेविना एकत्र मताला टाकतात त्यात, एका झटक्यात. ज्यांनी समितीत खात्याला धुतलं तेच लोक बाहेर येऊन "होय" म्हणून मोकळे.

तर प्रश्न असा, की यातला खरा माणूस कुठला? समिती माणसाला शहाणं करते का पक्ष त्याला मुका करतो? का दोन्ही नाटकंच?

कृपया अमुक पक्ष चोर तमुक पक्ष साव असं नको, त्यासाठी इथे ढीगभर धागे आहेत.

घोळ

दहा प्रतिसादांच्या आत धागा घसरणार. पैज.

बिनखात्याचा

यात कोडं काय आहे? घटनेचं दहावं परिशिष्ट वाचा, पक्षांतरबंदी कायदा. १९८५ ची ५२वी घटनादुरुस्ती. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा नुसतं गैरहजर राहिलात तरी सदस्यत्व जाऊ शकतं, पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तरच वाचता. हे आणलं कशासाठी तर पक्षांतर थांबवायला, १९६७ मध्ये हरियाणाच्या गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि "आयाराम गयाराम" हा शब्द सगळ्या देशाला मिळाला. पण औषध रोगापेक्षा जालीम झालं. सरकार पडणार असेल तेव्हा व्हिप (असंच मत द्या हा पक्षाचा आदेश) समजू शकतो, पण उद्या एखाद्या किरकोळ दुरुस्ती विधेयकावर खासदाराला वाटलं की हे कलम चुकीचं आहे तरी त्याने गप्प बसायचं? दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सांगितलं होतं की हे फक्त विश्वास-अविश्वास ठरावापुरतं ठेवा. कोण ऐकतो.

आणि गंमत बघा, एकट्याने फुटलात तर अपात्र, दोन तृतीयांश घेऊन दुसऱ्या पक्षात विलीन झालात तर पवित्र. आधी एक तृतीयांशची "फूट" पण चालायची, ती २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने काढली. म्हणजे किरकोळ विक्री बंद, घाऊक चालू.

समितीत व्हिप लागत नाही, म्हणून तिथे माणसं बोलतात. इतकं सोपं आहे.

अनुमोदक

+१ घाऊक 😂

वाटसरू

इतकं सोपं नाहीये बिनखात्याचा साहेब. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही, तरी तिथले खासदार बहुतेक वेळा पक्षाबरोबरच मत देतात. कारण तिथेही तिकीट पक्षाच्या हातात आहे, मंत्रिपद पक्षाच्या हातात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या एका मतदानात सरकारविरुद्ध गेले म्हणून हुजूर पक्षाच्या २१ खासदारांना पक्षाने बाहेर काढलं, त्यात चर्चिलचा नातू, दोन माजी अर्थमंत्री. १० जणांना नंतर परत घेतलं. डॉमिनिक ग्रीव्ह आणि डेव्हिड गॉक डिसेंबरच्या निवडणुकीत अपक्ष उभे राहिले आणि पडले. कायदा कुठे लागला? मतदारानेच शिक्षा दिली, कारण तोही पक्षालाच मत देतो.

पण फरक आहे तो असा, की त्यांची खासदारकी त्या रात्री गेली नाही. निवडणूक लागेपर्यंत ते तिथे बसून बोलत होते. मार्च २००३ ला इराक युद्धावर मजूर पक्षाचे १३९ खासदार आपल्याच पंतप्रधानाच्या विरोधात गेले आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या बाकावर होते. आपल्याकडे १३९ जण असं करूच शकत नाहीत. म्हणजे कायद्याने आज्ञाधारकपणा जन्माला घातला नाही, पण त्यातली फट बुजवली.

रात्रपाळी

वाटसरूंच्या मुद्द्याला पुढे नेतो. पक्षाबरोबर मत दिलं म्हणजे पक्षाने दाबलं हे आपण गृहीत धरतोय. अमेरिकेत कीथ क्रेबील नावाच्या अभ्यासकाने हाच खवचट प्रश्न विचारला होता, की अहो तो माणूस त्या पक्षात आहे तेच मुळात त्याला तसं वाटतं म्हणून, मग तो पक्षासारखा वागला तर त्यात पक्षाचा दबाव कुठे सिद्ध झाला? दबाव तेव्हाच दिसतो जेव्हा त्याला वेगळं वाटत असूनही तो पक्षासारखा वागतो. आणि त्याला आतून काय वाटतं हे बाहेरून मोजायचं कसं?

समित्यांबद्दल पण तिथे तीन तट आहेत. एक म्हणतो समिती म्हणजे वाटणीचं टेबल, शेतीवाल्या राज्यांचे सदस्य शेती समिती पटकावतात आणि आपापल्या मतदारसंघाला माल नेतात. दुसरा म्हणतो सभागृहाला सगळं समजत नाही म्हणून काही जणांना एका विषयात मुरवायचं, त्यासाठी समिती. तिसरा म्हणतो छे, समिती हे बहुमतवाल्या पक्षाचंच हत्यार, सभागृहात काय येऊ द्यायचं आणि काय नाही हे तिथे ठरतं. मला विचाराल तर तिन्ही खरे, फक्त वेगवेगळ्या दिवशी.

माजी_लेखापाल

एवढं तात्त्विक मला जमत नाही, पण बघितलेलं सांगतो. मी जिल्हा परिषदेत होतो, कुठली ते विचारू नका. विधिमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर यायची, आम्ही तिला पीआरसी म्हणायचो. ती येणार म्हटलं की महिनाभर आधी ऑफिसात जत्रा. दहा-बारा वर्षं प्रलंबित पडलेले ऑडिटचे पॅरे, म्हणजे आक्षेप, बाहेर काढायचे, अनुपालन लिहायचं, ज्यांनी घोळ घातला ते कधीच रिटायर झालेले, उत्तरं द्यायला आम्ही.

एका दौऱ्यात हातपंपाच्या सुट्या भागांच्या खरेदीचा पॅरा निघाला. समितीतले एक आमदार, सत्ताधारी पक्षाचे, तोपर्यंत गप्प होते. त्यांनी व्हाउचरची फाइल मागून घेतली, अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान उलटलं आणि शांतपणे म्हणाले, सतरा बिलं आहेत, सगळी ३१ मार्चची, साठा नोंदवहीत आवक पण ३१ मार्चची आणि वाटप पण ३१ मार्चचं, मग सामान ट्रकमधून उतरलं कधी? सभागृहात पिन पडली तर ऐकू येईल. आमचे साहेब म्हणाले "माहिती घेऊन सादर करतो". आमदार म्हणाले, "माहिती माझ्या हातात आहे, तुम्ही उत्तर द्या." शेजारी विरोधी पक्षाचे आमदार होते ते नुसते हसले, त्यांना काही बोलायची गरजच पडली नाही. मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं की कागद समोर असला आणि मंत्री समोर नसला की पक्ष बाजूला राहतो.

आता दुसरी बाजू. दुपारच्या सत्रात एका रस्त्याचा पॅरा आला, ठेकेदार कुणाच्या जवळचा होता ते सगळ्या जिल्ह्याला माहीत. तेच आमदार बरोब्बर त्या वेळी फोन घ्यायला व्हरांड्यात गेले ते पॅरा संपल्यावर आत आले.

घोळ

आणि संध्याकाळी विश्रामगृहावर काय झालं ते?

माजी_लेखापाल

ते लिहिणार नाही. पेन्शन चालू आहे.

निशाचर

लेखापाल काकांचा किस्सा एक नंबर. पण म्हणून "समितीत पक्ष नसतो" हे मला पटत नाही. जोपर्यंत विषय थंड आहे तोपर्यंत नसतो. २०११ ची लोकलेखा समिती आठवा, सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी. टूजी स्पेक्ट्रम वाटपावरचा अहवाल, अध्यक्ष मुरली मनोहर जोशी. लोकलेखाचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे द्यायची प्रथा आहे आणि ही समिती म्हणजे सगळ्यात निष्पक्ष असं आपण शाळेत शिकलो. अहवालाच्या मसुद्यात सरकारवर ठपका होता. बैठकीत गदारोळ झाला, जोशी बाहेर पडले, उरलेल्यांनी दुसरा अध्यक्ष निवडला आणि २१ पैकी ११ जणांनी अहवाल फेटाळला. सरळ सरळ आघाडीप्रमाणे डोकी मोजली.

अलीकडचं वक्फ विधेयकावरचं संयुक्त समितीचं कामकाज घ्या. सत्ताधारी आघाडीच्या सदस्यांच्या दुरुस्त्या मंजूर, विरोधकांच्या सगळ्या मतदानात पडल्या, मग त्यांनी भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपलं वेगळं मत लेखी, अहवालाला जोडल्या. व्हिप नव्हता हं तिथे. गरजच नव्हती.

बिनखात्याचा

निशाचर, त्या ११ जणांनी अध्यक्ष म्हणून निवडलं कुणाला? सैफुद्दीन सोझ. आणि हेच सोझ १९९९ च्या एप्रिलमध्ये नॅशनल कॉन्फरन्सचा व्हिप मोडून वाजपेयी सरकारच्या विरोधात मत दिलेले, २६९ विरुद्ध २७०, सरकार गेलं आणि पक्षाने त्यांना काढलं. एकदा पक्ष मोडणारा आणि बारा वर्षांनी दुसऱ्या पक्षाच्या बाजूने अहवाल मोडणारा माणूस एकच. आता सांगा खरे सोझ कुठले 😀

शून्यप्रहर

बिनखात्याचा, माझाच प्रश्न माझ्याच अंगावर. हे माहीत नव्हतं.

तळटीप

अवांतर: मराठीत व्हिपला प्रतोद म्हणतात आणि प्रतोद म्हणजे चाबूक किंवा जनावर हाकायची टोचणी. इंग्रजी शब्द आला शिकारीतून, कोल्ह्यामागे धावणारी कुत्री भरकटली की त्यांना कळपात आणणारा माणूस. म्हणजे तिकडचे खासदार शिकारी कुत्री आणि इकडचे औताचे बैल. भाषांतर करणाऱ्याला सलाम.

आपण आदेशाला पण व्हिप म्हणतो आणि माणसाला पण, त्यामुळे गोंधळ होतो. आदेशाला पक्षादेश म्हणावं. तो प्रतोद नेमायचा कुणी, विधिमंडळ पक्षाने का मूळ राजकीय पक्षाने, यावर महाराष्ट्राचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मे २०२३ मध्ये घटनापीठ म्हणालं राजकीय पक्षाने. पुढे विधानसभा अध्यक्षांनी काय निर्णय दिला ते सगळ्यांना...

घोळ

आला आला, पाय घसरला

तळटीप

नाही घसरला. तिथेच थांबलोय मुद्दाम.

कडेलोट

कायद्याआधी काय परिस्थिती होती तेही बघा. १९५७ च्या डिसेंबरात फिरोज गांधींनी एलआयसी-मुंदडा व्यवहार (सरकारी एलआयसीने उद्योगपती मुंदडाच्या कंपन्यांत घातलेले पैसे) लोकसभेत काढला. स्वतः काँग्रेसचे, सरकार काँग्रेसचं, पंतप्रधान सासरे. पुढे छागला आयोग बसला आणि फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. आज सत्ताधारी बाकावरून असं कुणी काढेल?

आणि २००८ चे सोमनाथ चटर्जी. ते तर लोकसभेचे अध्यक्ष. त्यांचा पक्ष माकप म्हणाला पद सोडा आणि सरकारविरुद्ध मत द्या, ते म्हणाले अध्यक्ष पक्षाचा नसतो. पक्षाने काढलं. मला नेहमी वाटतं की कायदा जितका भीती घालतो त्याहून जास्त भीती एकटं पडण्याची असते. चाळीस वर्षं ज्यांच्याबरोबर काढली ते एका बैठकीत परके.

वाटसरू

कडेलोट, फिरोज गांधींचं उदाहरण चांगलं आहे पण काँग्रेसकडे तेव्हा इतकं बहुमत होतं की एकाने ओरडून सरकार हलणार नव्हतं. बहुमत काठावर असलं की प्रत्येक मताला भाव येतो आणि प्रतोदाची झोप उडते. उलट मोठं बहुमत असलं की मागच्या बाकावरच्याला थोडी मोकळीक परवडते. निदान परवडायला हवी.

रात्रपाळी

एकच माणूस पक्ष असेल तर? मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं. तो एक म्हणजे आपले शरद जोशी. महिलांच्या विरोधात नव्हते, शेतकरी महिला आघाडी उभी करणारा माणूस. विधेयकातल्या पद्धतीला विरोध. पण ते तसं मत देऊ शकले कारण स्वतंत्र भारत पक्षाचे ते एकटेच, व्हिप काढणारेही तेच आणि पाळणारेही तेच. बाकीच्या १८६ मध्ये मनातून विरोध असलेले किती होते?

अनुमोदक

हा प्रतिसाद आवडला.

सौदामिनी

सगळे व्हिपवर घसरलात, समितीबद्दल मला म्हणायचंय. समिती माणसाला बदलते हे मी मानते, पण त्याला वेळ लागतो. आपल्या संसदेत विभागवार स्थायी समित्या १९९३ मध्ये १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत, प्रत्येकीत ३१ जण. मुदत किती? एक वर्ष. एक वर्षात माणूस अणुऊर्जा शिकणार का रेल्वेचं अंदाजपत्रक? विषय कळायला लागतो तोवर नवीन समिती, आणि परत नाव सुचवणार पक्षच. म्हणजे रात्रपाळींनी सांगितलेलं ते मुरणं आपल्याकडे होतच नाही. ब्रिटनमध्ये २०१० पासून बऱ्याचशा समित्यांचे अध्यक्ष सभागृह गुप्त मतदानाने निवडतं, त्यामुळे त्या अध्यक्षाला पक्षापलीकडे स्वतःचं एक वजन येतं. मंत्री झाला नाही तरी काहीतरी करिअर आहे. आपल्याकडे अध्यक्षपद म्हणजे मंत्रिपद हुकलेल्याची समजूत.

तरीसुद्धा सरोगसी विधेयक बघा. लोकसभेने मंजूर केलेल्या विधेयकात अट होती की सरोगेट आई "जवळची नातेवाईक"च हवी. राज्यसभेच्या प्रवर समितीने (त्या एका विधेयकासाठी नेमलेल्या) डॉक्टरांना ऐकलं, लोकांना ऐकलं आणि २०२० च्या अहवालात म्हटलं की ही अट काढा, इच्छुक असलेली कुठलीही स्त्री चालेल. अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच, भूपेंद्र यादव. आणि सरकारने मान्य केलं. आता विचार करा, हेच सभागृहात कुणी सत्ताधारी सदस्याने उठून म्हटलं असतं तर? समितीमुळे सरकारला नाक न कापता माघार घेता आली.

निशाचर

हे मस्त. म्हणजे समिती खासदाराला धैर्य देत नाही, सरकारला पळवाट देते.

सौदामिनी

दोन्ही हो. एका हाताने टाळी वाजत नाही.

चिवट

आणि समिती विरोधकांनाही गुंडाळते हे कुणी बोललंच नाही. महाराष्ट्रातलं विशेष जनसुरक्षा विधेयक. संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या, समितीत विरोधी पक्षाचे मोठमोठे नेते बसलेले. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत त्याच विरोधकांचा सभात्याग. अरे पण मग समितीत काय करत होतात? समितीत बसलं, दोन-तीन बदल पदरात पाडून घेतले की माणूस त्या विधेयकाचा भागीदार होतो, मग बाहेर येऊन विरोध करायला तोंड राहत नाही.

कडेलोट

चिवट, मग समितीत बसूच नये का? बहिष्कार टाकला तर म्हणणार पळाले. बदल करून घेतले ते तरी झाले ना. तुम्हाला विरोधक फक्त ओरडायला हवेत.

चिवट

बसा ना! पण भिन्नमत लिहून द्या. कागद राहतो मागे.

घोळ

संपादक मंडळ, बत्ती बंद करायची वेळ झाली का?

बिनखात्याचा

थांबा, मूळ मुद्दा. समिती चांगली का वाईट हे नंतर, आधी विधेयक तिथपर्यंत पोचू तर द्या. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समितीकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. कृषी कायदे २०२० मध्ये समितीकडे न जाता आले, राज्यसभेत आवाजी मतदान झालं, मत विभागणी (मतं प्रत्यक्ष मोजणं) मागणाऱ्यांचं ऐकलं नाही असा आरोप झाला आणि पुढच्या वर्षी कायदेच मागे घेतले. आवाजी मतदानात कोण काय म्हणालं याची नोंदच नसते. मग तो खासदार पक्षाचा का मतदाराचा हा प्रश्न कागदावर तपासायची सोयच राहत नाही.

तळटीप

जर्मनीच्या राज्यघटनेत कलम ३८ आहे, खासदार कुणाच्याही आदेशाला बांधील नाही, फक्त स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला. तरी तिथे पक्षशिस्त आपल्यापेक्षा फार सैल नाही. पण एक फरक, तिथे भांडण समितीत होऊन विधेयक बदलतं. त्यांच्याकडे म्हणच आहे की कुठलंही विधेयक आलं तसं संसदेतून बाहेर पडत नाही.

शून्यप्रहर

सगळं वाचलं. माझं मत थोडं सरकलंय. मी दोन माणसं समजत होतो, पण माणूस एकच आहे, बघणारे बदलतात. समितीत त्याच्याकडे बघतो सचिव आणि फाइल, सभागृहात बघतो प्रतोद आणि कॅमेरा. मग समित्यांच्या बैठका पण टीव्हीवर दाखवा असं म्हणणार होतो, म्हणजे आपल्यालाही बघता येईल.

सौदामिनी

अजिबात नको. कॅमेरा आला की तिथेही भाषणं सुरू होतील. दारं बंद आहेत म्हणूनच सत्ताधारी सदस्य सचिवाला झापू शकतो.

माजी_लेखापाल

ताई, दारं बंद होती म्हणूनच तो फोन पण आला होता.

शून्यप्रहर

काका 🙏

बरं, एक केलं. त्याच अहवालाच्या परिशिष्टात बैठकांची इतिवृत्तं असतात, हजर सदस्यांची नावं पण. माझ्या मतदारसंघाचे खासदार त्या समितीत आहेत हे मला आत्ता कळलं, इतकी वर्षं मत देतोय. चार बैठकांपैकी दोनला हजर. मग ते काय बोलले ते शोधलं तर प्रत्येक ठिकाणी नुसतं "सदस्यांनी विचारले", "सदस्यांनी निदर्शनास आणले". मार्चच्या खर्चावर नेमकं बोट ठेवणारा प्रश्न ज्या बैठकीत आला त्या बैठकीला ते होते. त्यांनीच विचारला का शेजारच्याने, काही कळायला मार्ग नाही. ईमेल टाकून विचारलंय.

घोळ

दहा म्हणालो होतो, तिसाच्या घरात गेला. पैज हरलो. उत्तर आलं तर इथेच टाका, नवीन धागा काढू नका.